कव्हरच्या मागच्या बाजूचं नाव

क्विन्सी जोन्स 3 नोव्हेंबर 2024 रोजी गेले. वय 91. मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांमध्ये त्यांची ओळख एकाच वाक्यात करून दिली होती: मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर' या अल्बमचे निर्माते. ओळख खरीच आहे, पण तिच्यातून आपल्याला फारसं काही कळत नाही. आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे घालणारा शेठ डोळ्यांसमोर येतो. क्विन्सी तसे नव्हते, पैसे रेकॉर्ड कंपनीचे होते. 'थ्रिलर'मध्ये नऊ गाणी आहेत. त्यातली चार मायकलची स्वतःची, तीन रॉड टेम्परटन या इंग्रज गीतकाराची. रचनाकार म्हणून क्विन्सींचं नाव फक्त एका गाण्यावर आहे आणि तेही जेम्स इन्ग्रमबरोबर. गायला मायकल, वाजवलं दुसऱ्यांनी. मग या माणसाने नेमकं केलं काय?

हा प्रश्न मला थोडा जास्तच टोचतो, कारण तो मलाही विचारला जातो. आमच्या पॅरिशच्या कॉयरमध्ये मी गात नाही. माझा आवाज बरा आहे, पण बराच, त्यापुढे नाही. मी गाण्याची पट्टी ठरवते, सोप्रानो आणि आल्टोच्या ओळी लिहून देते, कीबोर्ड कुठे थांबायचा ते सांगते. मिस्सा संपल्यावर लोक बाहेर येऊन गाणाऱ्या मुलींचं कौतुक करतात आणि मग माझ्याकडे वळून विचारतात, "आणि तू काय करतेस गं?" उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. म्हणून हा लेख.

आधी शब्द नीट करून घेऊ. हिंदी-मराठी चित्रपटांत संगीत दिग्दर्शक म्हणजे चाल लावणारा. पाश्चात्त्य पॉपमध्ये हे काम तीन-चार जणांत वाटलेलं असतं. गाणं लिहिणारा वेगळा. त्या गाण्यात कुठलं वाद्य कधी येईल, मागे कोण काय वाजवेल हे कागदावर उतरवणारा तो अरेंजर, म्हणजे आपल्या भाषेत संगीत संयोजक. आणि कुठली गाणी घ्यायची, कुणाकडून वाजवून घ्यायची, कुठला टेक ठेवायचा, कधी 'पुन्हा' म्हणायचं आणि कधी 'झालं' म्हणायचं हे ठरवणारा तो प्रोड्यूसर. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी सोपं करून सांगायचं तर प्रोड्यूसर हा संपादकासारखा. श्री. पु. भागवतांनी 'सत्यकथा'तल्या कथा स्वतः लिहिल्या नाहीत, पण मराठी नवकथेचा इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही. तसंच काहीसं हे.

क्विन्सींचा जन्म 1933 सालचा, शिकागोच्या साउथ साइड भागातला. वडील सुतार. आई मानसिक आजाराने ग्रासलेली. क्विन्सी लहान असतानाच तिला इस्पितळात नेलं गेलं. पुढे वडील मुलांना घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेले. तिथला एक प्रसंग क्विन्सींनी आयुष्यभर सांगितला. अकरा वर्षांचे असताना ते आणि त्यांचे सवंगडी खाण्याच्या शोधात एका सार्वजनिक इमारतीत रात्री घुसले. लेमन पाय मिळाला, तो पोटभर खाल्ला. मग क्विन्सींनी एका खोलीचं दार उघडलं आणि अंधारात त्यांना पियानो दिसला. बोटं पट्ट्यांवर ठेवली, आणि आता आपण आयुष्यभर हेच करणार हे तिथेच कळलं, असं ते सांगत.

गोष्ट सुंदर आहे, पण मला तिच्यापेक्षा पुढची वर्षं महत्त्वाची वाटतात, कारण पियानो दिसल्याने कुणी संगीतकार होत नाही. हा मुलगा ट्रम्पेट शिकला. काउंट बेसींचा वाद्यवृंद सिएटलला आला तेव्हा त्यातला ट्रम्पेटवादक क्लार्क टेरी याला गाठून त्याच्याकडून धडे घेतले. चौदाव्या वर्षी त्याची गाठ पडली दोनेक वर्षांनी मोठ्या असलेल्या एका अंध पियानोवादकाशी. तो रे चार्ल्स. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. पुढे बॉस्टनमध्ये शिष्यवृत्ती, मग ती अर्धवट सोडून लायनेल हॅम्पटनच्या वाद्यवृंदाबरोबर दौरे. 1956 मध्ये अमेरिकन सरकारने डिझी गिलेस्पींचा वाद्यवृंद परदेश दौऱ्यावर पाठवला, त्याचे संगीत दिग्दर्शक होते तेवीस वर्षांचे क्विन्सी.

आणि एवढं नाव झाल्यावर ते परत शिकायला बसले. 1957 मध्ये पॅरिसला गेले आणि नादिया बुलांजे यांचे विद्यार्थी झाले. एरन कोपलंड आणि आस्तोर पियात्सोला यांच्यासारख्यांना शिकवलेली ही बाई. त्याच काळात बार्कले या फ्रेंच रेकॉर्ड कंपनीसाठी ते रोज संयोजनाचं काम करत होते. म्हणजे इकडे शास्त्र, तिकडे रोजची भाकरी. पॉप म्हणजे हलकं आणि अभ्यास म्हणजे जड, अशी फाळणी त्यांनी कधी केलीच नाही.

आता आपटी. 1959 च्या अखेरीस 'फ्री अँड ईझी' नावाचं एक संगीत नाटक घेऊन क्विन्सींचा वाद्यवृंद युरोपात गेला. नाटक पॅरिसमध्ये बंद पडलं. वादक, त्यांची कुटुंबं, सगळे परक्या देशात अडकले. क्विन्सींनी वाद्यवृंद मोडला नाही. मिळेल तिथे कार्यक्रम करत कित्येक महिने ते युरोपभर फिरत राहिले आणि कर्जबाजारी होऊन परतले. संगीत ही एक गोष्ट आणि संगीताचा धंदा ही दुसरी, हे आपल्याला तेव्हा उमगलं, असं त्यांनी नंतर म्हटलं आहे. मर्क्युरी रेकॉर्ड्सच्या अर्व्हिंग ग्रीन यांनी त्यांना मदत केली आणि नोकरीही दिली. 1964 मध्ये ते त्याच कंपनीचे उपाध्यक्ष झाले. गोऱ्यांच्या मालकीच्या एवढ्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत इतक्या वरच्या पदावर पोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

जॅझवाल्यांना त्यांचं त्यानंतरचं पाऊल पटलं नाही. 1963 मध्ये त्यांनी लेस्ली गोर नावाच्या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीचं गाणं रेकॉर्ड केलं, 'इट्स माय पार्टी'. विषय काय, तर वाढदिवसाच्या पार्टीतून मित्र दुसऱ्याच मुलीबरोबर गेला म्हणून आलेलं रडू. बुलांजेबाईंचा विद्यार्थी आणि हे? पण गाणं ऐकून बघा. त्या मुलीच्या आवाजात मोठेपणाचा आव नाही, आणि क्विन्सींनी तो आणायलाही लावलेला नाही. ब्रास वाजतो तोही तिला चिडवल्यासारखा. फिल स्पेक्टरही हेच गाणं करणार आहे असं कळताच क्विन्सींनी घाईने प्रती काढून रेडिओ केंद्रांकडे पाठवल्या. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

पुढच्याच वर्षी ते फ्रँक सिनात्रा आणि काउंट बेसी यांच्या अल्बमचं संयोजन करत होते. 'फ्लाय मी टू द मून' हे मुळात संथ, तीन मात्रांचं गाणं. क्विन्सींनी ते चार मात्रांत, झुलत्या लयीत बांधलं. आज आपण ते गुणगुणतो ते याच रूपात. सोळा वर्षांची मुलगी आणि पन्नाशी टाकू लागलेला सिनात्रा, दोघांसाठी काम करणारा माणूस एकच. दोन्ही गाण्यांत तुम्हाला 'क्विन्सी जोन्सची छाप' शोधूनही लवकर सापडत नाही. सापडतात ते लेस्ली आणि फ्रँक. मला वाटतं, हेच त्यांचं कौशल्य.

1974 मध्ये त्यांच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. दोन शस्त्रक्रिया झाल्या. ते वाचले, पण डॉक्टरांनी ट्रम्पेट बंद करायला सांगितलं. फुंकण्याच्या जोराने जीव जाऊ शकला असता. ज्या वाद्याने त्यांना घडवलं तेच सुटलं. माझे पप्पा ट्रम्पेट वाजवतात, त्यामुळे हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. त्यानंतर क्विन्सींकडे उरलं काय? कान आणि माणसं ओळखण्याची दृष्टी. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम या घटनेनंतरचं आहे.

मायकल जॅक्सन त्यांना 'द विझ' या चित्रपटाच्या वेळी भेटला. त्याला स्वतःचा अल्बम करायचा होता. क्विन्सी फार जॅझवाले आहेत म्हणून कंपनी कुरकुरत होती, पण मायकल हटला नाही. 1979 मध्ये 'ऑफ द वॉल' आला. क्विन्सींनी सांगितलेली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. मायकल लहानपणापासून उंच पट्टीत गात आलेला. क्विन्सींनी काही गाण्यांची पट्टी जवळजवळ दीड स्वर खाली आणली, म्हणजे आवाजाला मोकळं व्हायला जागा मिळाली आणि त्यात एक जाणतेपणा आला. ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला एवढंच वाटतं, अरे, हा पोरगा मोठा झाला.

'थ्रिलर'च्या वेळचे तीन प्रसंग सांगते.

पहिला ऐकण्याचा. टोटो या बँडच्या मंडळींनी काही गाण्यांची कॅसेट क्विन्सींना पाठवली होती. ती गाणी संपली, पण टेप चालूच राहिली आणि शेवटी स्टीव्ह पोर्कारोची एक कच्ची, अर्धवट धून वाजली. ती पाठवायचीच नव्हती. क्विन्सींनी नेमकी तीच उचलली. पुढे जॉन बेटिसने तिला शब्द दिले आणि झालं 'ह्यूमन नेचर'.

दुसरा थांबण्याचा. 'बिली जीन'चं मिक्सिंग ध्वनिमुद्रक ब्रूस स्वेडीन करत होते. सुधारणा करता करता मिक्स एक्क्याण्णवपर्यंत पोचले. मग क्विन्सींनी दुसऱ्या क्रमांकाचं मिक्स परत ऐकायला लावलं. तेच सगळ्यांत चांगलं होतं, आणि अल्बमवर तेच आहे. याच गाण्याची सुरुवात लांबते म्हणून क्विन्सींना ती कापायची होती. मायकल म्हणाला, तिच्यामुळेच तर मला नाचावंसं वाटतं. क्विन्सींनी ती तशीच ठेवली. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला आपलं म्हणणं मागे घेताही यायला हवं.

तिसरा कापण्याचा. अल्बम पूर्ण झाला, सगळे ऐकायला जमले, आणि तबकडीवरचा आवाज अगदी फिका निघाला. एलपीच्या एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचांना जागा उरत नाही आणि आवाजातली ताकद जाते. प्रकाशनाची तारीख तोंडावर आलेली. तरी क्विन्सींनी गाणी छाटली आणि एकेक करून सगळ्यांचं मिक्सिंग नव्याने केलं. 30 नोव्हेंबर 1982 ला 'थ्रिलर' बाहेर आला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 1984 च्या ग्रॅमी सोहळ्यात मायकलला एका रात्रीत आठ पारितोषिकं मिळाली. त्यातलं वर्षातील सर्वोत्तम निर्मात्याचं त्याने क्विन्सींबरोबर वाटून घेतलं.

इथे मला पप्पांविषयी थोडं सांगायचं आहे. पप्पा उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते आणि संध्याकाळी ट्रम्पेट वाजवायचे, लग्नात, फेस्तात, कुणी बोलावलं तर मयतालाही. माझ्या जन्माच्या थोडं आधी एका कॅसेट कंपनीने त्यांच्याकडून मराठी भक्तिगीतांच्या एका कॅसेटचं संयोजन करून घेतलं. आठ गाणी. वादक पप्पांनी जमवले, नोटेशन पप्पांनी लिहिलं, रात्री जागून तालमी घेतल्या. कॅसेट आली तेव्हा कव्हरवर गायिकेचा फोटो होता, गीतकाराचं नाव होतं, 'सादरकर्ते' म्हणून दुकानाच्या मालकाचंही होतं. पप्पांचं कुठेच नव्हतं. ठरलेल्या पैशांपैकी निम्मे मिळाले. ती कॅसेट आजही आमच्या घरी आहे. मी विचारलं, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत? तर म्हणाले, "नाव कशाला पाहिजे बाळा? देवाचं काम आहे. गाणी चांगली झालीत की नाही, ते बघ की."

हे फक्त आमच्या घरातलं नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळातले कितीतरी संयोजक आणि वादक गोव्याचे ख्रिस्ती होते. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रीच्या छडीखाली ते व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकले आणि मुंबईला आले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचा तो भरगच्च व्हायोलिनांचा ताफा सेबास्टियन डिसोझा यांच्या संयोजनातला. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'मधल्या एका गाण्यात गुरूचं नाव अमर केलं, पण ते गाणं नाचत म्हणणाऱ्या किती जणांना असा कुणी खराखुरा माणूस होता हे माहीत आहे? पडद्यावर या मंडळींचं नाव बहुधा नसायचंच. असलं तर 'सहायक' म्हणून.

लहानपणापासून आपल्याला शिकवतात, उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये. मी हे मानते. पण क्विन्सी जोन्स यांच्याविषयी वाचताना मला एक फरक स्पष्ट होत गेला. आपण होऊन मागे उभं राहणं वेगळं आणि कुणीतरी मागे ढकलणं वेगळं. पहिली नम्रता आहे. दुसऱ्याला आपण नम्रता म्हणतो, कारण मग भांडावं लागत नाही.

क्विन्सींना पहिली गोष्ट येत होती. 28 जानेवारी 1985 च्या रात्री, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी 'वी आर द वर्ल्ड' रेकॉर्ड करायला चाळीसहून अधिक गायक लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत जमले. बॉब डिलन, स्टीव्ही वंडर, ब्रूस स्प्रिंगस्टीन, आणि सिएटलपासूनचा तो जुना मित्र, रे चार्ल्सही. प्रत्येक जण स्वतःच्या राज्याचा राजा. क्विन्सींनी दारावर पाटी लावली होती, अहंकार बाहेर ठेवून आत या अशा अर्थाची. कोण कुठली ओळ गाणार हे आधी ठरलेलं, उभं कुठे राहायचं त्याच्या खुणा जमिनीवर चिकटवलेल्या. पहाट उलटेपर्यंत काम चाललं. वेगवेगळ्या चाळीस आवाजांना एकत्र गायला लावणं काय असतं ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे चौदाच आहेत, तरी नाताळच्या आधी दोघींचा अबोला ठरलेला असतो.

पण त्यांना दुसरी गोष्टही कळत होती. 2013 मध्ये, मायकलच्या मृत्यूनंतर, आपल्या हक्काचे पैसे मिळाले नाहीत म्हणून ते मायकलच्या वारसा-संस्थेविरुद्ध कोर्टात गेले. तेव्हा ते ऐंशीचे होते. 2017 मध्ये ज्युरीने त्यांना 94 लाख डॉलर मंजूर केले. 2020 मध्ये वरच्या कोर्टाने त्यातले जवळजवळ 69 लाख कमी केले. म्हणजे बराचसा खटला ते हरलेच. अनेकांना हे लोभी वाटलं. 28 ग्रॅमी मिळवलेल्या माणसाला कशाची कमी? मला तसं वाटत नाही. 1960 मध्ये युरोपात अडकलेल्या त्या तरुणाला धंद्याची भाषा वाचता येत नव्हती. ती तो शिकला आणि शेवटपर्यंत वापरत राहिला. काम दुसऱ्यासाठी करायचं, पण ते काम कुणी केलं हे पुसू द्यायचं नाही.

मी यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मम्मीला मी बी.एड. करावं असं वाटतं आणि तिचं चुकत नाही. घरात एकाची तरी पगारी नोकरी हवी. मला संगीत संयोजन आणि ध्वनिमुद्रण शिकायचं आहे. 'पडद्यामागे राहून पोट भरतं का?' हा तिचा प्रश्न आहे आणि त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. कदाचित आधी बी.एड. आणि संध्याकाळी हे, असंच जमेल. बार्कलेच्या कचेरीत काम करून बुलांजेबाईंकडे जाणाऱ्या माणसाविषयी इतकं वाचल्यावर त्यात कमीपणा वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच करता येते, ती केली. डिसेंबरमध्ये आमच्या कॉयरची पाच नाताळगीतं आम्ही रेकॉर्ड करणार आहोत, मोबाइलवर ऐकता येतील अशी. त्यासाठी मी एक पान तयार केलं आहे. गायिका, गीतकार, कीबोर्ड, गिटार, ध्वनिमुद्रण, तालमीसाठी हॉल उघडून देणारे अंकल, सगळ्यांची नावं. ट्रम्पेट: पप्पा. संयोजनासमोर मी माझं पूर्ण नाव लिहिलं. पप्पांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझ्या नावात एक काना राहिलाय, तो घाल."